शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आधीच ठरलाय म्हणतात, मग आपण उभं राहून उपयोग काय?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. तुमची मुलगी कोल्हापुरात महापालिकेच्या शाळेत तिसरीला आहे, या महिन्यात पालकसभा घेऊन शाळा व्यवस्थापन समिती नव्यानं निवडायची आहे, भागातल्या नगरसेवकांच्या जवळचे एक गृहस्थ अध्यक्ष होणार असं सगळे बोलायलेत, आणि मुख्याध्यापक म्हणतात बिनविरोध करून टाकू, कशाला वाद. तुम्ही विचारलंय की मी उभी राहू का, राहिले तर त्यांना पाडायचं कसं, मुलीला शाळेत त्रास होईल का, आणि निवडून नाहीच आले तर पुढं काय.

मी महापालिकेच्या शाळांत आधी शिक्षिका आणि नंतर मुख्याध्यापिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मुख्याध्यापक हा या समितीचा पदसिद्ध सचिव असतो, त्यामुळं सभा बोलावणं, नावं लिहिणं, इतिवृत्त ठेवणं हे सगळं माझ्या हातून झालंय, आणि बिनविरोध करा म्हणून येणारे फोनही मी घेतलेत. आता वस्त्यांतल्या नवीन सदस्यांना समितीचं काम समजावून सांगते. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंनी सांगू शकते.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करूया, कारण तुम्ही "शिक्षण मंडळाची निवडणूक" असा शब्द वापरलाय आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. शिक्षण मंडळ म्हणजे पूर्वी १९४७ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याखाली महापालिकेच्या सगळ्या शाळांवर असायचं ते, त्याचे सदस्य नगरसेवक मत देऊन निवडायचे, पालकांचा त्यात काही संबंध नव्हता. २०१३ ला कायद्यात दुरुस्ती करून राज्यानं ही मंडळं बंद केली, आता आपल्याकडं महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती आणि प्रशासनाधिकारी असा कारभार आहे. जुन्या लोकांच्या तोंडात अजून मंडळच बसलंय. तुमच्या शाळेत जी निवड होणार ती शाळा व्यवस्थापन समितीची, आणि ती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ मधून आली, कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तिथं मत पालकांचं. नगरसेवकांचं नाही, पक्षाचं नाही, मुख्याध्यापकांचंसुद्धा नाही.

हा फरक एवढ्यासाठी सांगितला की तुमच्या भागातल्या मंडळींना तो माहीत नसतो किंवा माहीत असून सांगत नाहीत. समितीत १२ ते १६ लोक घ्यायचे असतात, सचिव सोडून. त्यातले पाऊण म्हणजे ७५ टक्के पालकच पाहिजेत, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका पाहिजेत. म्हणजे १६ ची समिती केली तर १२ पालक आणि एकूण ८ तरी महिला. उरलेल्या चार जागांत स्थानिक प्राधिकरणाचा म्हणजे महापालिकेचा प्रतिनिधी, शाळेतल्या शिक्षकांमधून निवडलेले, आणि शिक्षणातली जाणकार माणसं असे येतात. नगरसेवकांना यायचं असेल तर त्यांची वाट ही आहे, ती कायद्यानंच दिलीय आणि त्यात वाईट काही नाही. पण अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हे पालक सदस्यांतूनच निवडावे लागतात. त्यामुळं पहिला प्रश्न असा की त्या गृहस्थांचं मूल तुमच्या शाळेत शिकतं का? शिकत असेल तर ते तुमच्यासारखेच पालक आहेत, त्यांना उभं राहायचा तुमच्याएवढाच हक्क आहे, ते कुणाच्या जवळचे आहेत म्हणून त्यांना नाकारता येत नाही आणि नाकारूही नये. शिकत नसेल तर विषय तिथंच संपला. कधीकधी मधला मार्ग काढतात, पुतण्याचा किंवा भाच्याचा पालक म्हणून नाव लावतात. कायद्यात पालक किंवा संरक्षक असं आहे, त्यामुळं आईवडील नसलेल्या पोराला आजोबा-काका सांभाळत असतील तर तो संरक्षक खराच. पण आईवडील घरात असताना काका समितीवर येत असेल तर शाळेच्या रजिस्टरला पालक म्हणून कुणाचं नाव आहे ते सभेत शांतपणे विचारायचं. भांडण नाही, आरोप नाही, फक्त "सर, रजिस्टरला नाव कुणाचं आहे?" एवढंच.

आता खरी अडचण. तुम्ही सगळा जीव अध्यक्षपदावर लावलाय. मला वाटतं तुमच्या शाळेची अडचण अध्यक्ष कोण ही नाहीच, पालकसभेला पालक येत नाहीत ही आहे. मी स्वतः बघितलंय, दोनशे पटाच्या शाळेत पालकसभेला वीस-पंचवीस डोकी येतात, त्यातली निम्मी पोराला न्यायला आलेली असतात म्हणून दारात उभी. अशा सभेत कुणीही पंधरा माणसं घेऊन आलं की समिती त्याची. नगरसेवकांची ताकद लागतच नाही त्याला. म्हणजे जो ठरवतोय तो तुमच्यापेक्षा मोठा आहे म्हणून ठरवत नाहीये, बाकीचे दीडशे घरी आहेत म्हणून ठरवतोय.

आणि आपल्याकडं निवडणूक म्हटलं की ईर्षा आलीच. गोकुळ दूध संघ असो, साखर कारखाना असो, तालमीचा अध्यक्ष असो, कोल्हापुरात माणूस पॅनेल पाडल्याशिवाय घरी जात नाही. त्यात महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० ला संपल्यापासून पाच वर्षं प्रशासक होता, १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, नवीन सभागृह आलं, त्यामुळं आता भागाभागात प्रत्येकाला आपली माणसं कुठंतरी बसवायची आहेत. शाळेची समिती त्यांना सोपी जागा दिसते. तुम्ही जर "त्यांचं पॅनेल विरुद्ध आमचं पॅनेल" असं केलंत ना, तर त्या क्षणी तुम्ही त्यांच्या मैदानात गेलात, तिथं त्यांना सराव आहे आणि तुम्हाला नाही. शिवाय अर्धे पालक घाबरून येणारच नाहीत, कारण कुणाचं घरपट्टीचं काम अडलेलं असतं, कुणाचा हातगाडा रस्त्यावर असतो, कुणाला दाखला हवा असतो. त्यांना दोष देऊ नका. त्यांना असा मार्ग पाहिजे की ज्यात कुणाच्या विरोधात हात वर करावा लागत नाही.

म्हणून माझं सरळ मत, उभ्या राहा, पण अध्यक्षपदासाठी नाही. सदस्य म्हणून राहा, आणि तुमच्यासारख्या आणखी पाचसहा आया सदस्य म्हणून आणा. अध्यक्ष त्यांना होऊ द्या. बाराजण पालकांत सहा-सात जणी दर महिन्याला येणाऱ्या असल्या की अध्यक्ष कुणीही असो, समिती त्या सहा-सात जणींच्या हातात असते, कारण ठराव सभेत होतो आणि सभेला तुम्ही असता. हे मी लई शाळांत बघितलं. ज्यांना फक्त पद पाहिजे असतं ते पहिल्या सत्काराला येतात, १५ ऑगस्टला झेंड्याला येतात, आणि नंतर सह्यांपुरते. नियमात सभा महिन्यातून एकदा आहे. दर महिन्याला येऊन दीड तास बसणं हे हौसेच्या माणसाला जमत नाही.

अर्थात हे तुमच्या शाळेवर अवलंबून आहे. पट शंभराच्या आत असेल तर पालक सगळे एकमेकांना ओळखतात, मग गटबाजीची भीती कमी आणि मनधरणी सोपी. पट मोठा असेल, जरगनगरच्या शाळेसारखा, जिथं पाडव्याच्या प्रवेशाला पालक आदल्या रात्रीपासून रांगा लावतात, तर तिथले पालक आधीच जागे असतात, तिथं सभा भरते आणि खरी चुरस होते, मग मी सांगते त्यापेक्षा वेगळं वागावं लागेल. आणि ते गृहस्थ खरंच पैसे खाणारे किंवा दारू पिऊन शाळेत येणारे वगैरे असतील तर मात्र अध्यक्षपदही सोडू नका, कारण समितीच्या खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या चालतात. तुमच्या लिहिण्यावरून तसं काही दिसत नाही. तुम्ही स्वतःच लिहिलंय की माणूस चांगला आहे पण नगरसेवकांचा आहे. मग चांगल्या माणसाला कामाला लावा की. नगरसेवकांचा फोन लागणारा अध्यक्ष असणं हे शाळेच्या फायद्याचंही होतं, पाण्याची लाईन, बोळातला दिवा, शाळेसमोरचा कचऱ्याचा कोंडाळा ही कामं अशाच माणसाकडून पटकन होतात.

आता पालक आणायचे कसे. इथं मी जरा सविस्तर सांगते कारण सगळं इथंच ठरतं.

सभेची वेळ आधी बघा. सकाळी अकराची सभा म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगावला कारखान्यात जाणारा बाप नाही आणि चार घरची धुणीभांडी करणारी आईही नाही. मुख्याध्यापकांना आठवडाभर आधी भेटा, तिघी-चौघी मिळून, आणि सांगा की सभा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा. बरेच मुख्याध्यापक ऐकतात. आम्हालाही सभा भरलेलीच हवी असते हो, कोरम कसाबसा ओढून आणणं हे आमच्याही जीवावर येतं. आणि "बिनविरोध करूया" असं ते म्हणतात त्यामागं नेहमी कारस्थान नसतं. मुख्याध्यापकाला उद्या वर्ग घ्यायचे असतात, पोषण आहाराची माहिती भरायची असते, यु-डायस म्हणजे शाळेची सगळी सरकारी माहिती ऑनलाइन भरायची असते, त्यात भागातल्या दोन गटांचं भांडण शाळेच्या दारात नको असतं. त्यांना तुमची भीती वाटली नाही तर ते तुमच्या बाजूनं नसले तरी आडवे येणार नाहीत.

मग वर्गावर्गानं जा. तुम्ही तिसरीच्या पालकांना ओळखता, दुसरीतली एखादी आई दुसरीतल्यांना ओळखते, असं प्रत्येक वर्गातून एकजण शोधा. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज टाकून कुणी येत नाही, "सभेला या" हा मेसेज सगळे वाचतात आणि अंगठा दाखवून सोडून देतात. शाळा सुटताना गेटवर भेटा, घरी जा, आणि "मला मत द्या" असं अजिबात म्हणू नका. विचारा की तुमच्या पोराची शाळेतली एक अडचण सांगा. कुणी सांगेल पाण्याच्या टाकीचं झाकण नाही, कुणी सांगेल पोरगी शाळेत लघवीला जातच नाही, घरी येईपर्यंत थांबते. ते वहीत लिहून घ्या, आणि म्हणा की हे सभेत तुम्ही स्वतः सांगायला या. माणूस दुसऱ्याला निवडून द्यायला घरातून निघत नाही, पण स्वतःच्या पोराचं गाऱ्हाणं सांगायला हमखास निघतो.

एक गोष्ट मनापासून सांगते. समितीत वंचित आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या पोरांच्या प्रमाणात जागा द्यायच्या आहेत, हे कायद्यातच आहे. पण होतं काय, त्या जागांवर एखादं नाव लिहिलं जातं आणि त्या बाईला आपण सदस्य आहोत हे वर्षभर माहीत नसतं, सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. १९१७ ला शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोरांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्या पोरांना एका शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्याच गावातल्या शाळेत त्या जागा कागदापुरत्या भराव्यात हे मला सहन होत नाही. तुम्ही ज्या आया गोळा कराल त्यात ऊसतोडीहून आलेल्या, बांधकामावरच्या, सफाईचं काम करणाऱ्या आया पाहिजेतच, आणि त्यांना "मी शिकलेली नाही, मला काय कळतंय" असं वाटत असेल तर सांगा की पोषण आहाराचा भात कच्चा आहे का हे तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही.

सभेच्या दिवशी आधी हजेरी होऊ द्या, सह्या होऊ द्या, आणि मग मुख्याध्यापकांना विनंती करा की आधीच्या समितीनं दोन वर्षांत काय केलं ते वाचून दाखवा. समिती दर दोन वर्षांनी बदलते, त्यामुळं जुन्या कामाचा आढावा मागणं रास्तच आहे. यानं एक होतं, सभेचा सूर बदलतो. कोण अध्यक्ष यावरून कामाकडं येतो. मग प्रत्येक वर्गातून नावं सुचवा, "तिसरीतून कोण, चौथीतून कोण" असं. वर्गवार नावं आली की पॅनेल आपोआप मोडतं, कारण कुठल्याच गटाकडं प्रत्येक वर्गात माणूस नसतो. जास्त नावं आली तर हात वर करायला लावू नका, चिठ्ठ्या टाका म्हणा. सगळ्यांसमोर हात वर करणं म्हणजे भागातल्या माणसांसमोर बाजू घेणं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. चिठ्ठीत बाई मोकळेपणानं लिहिते. एक पेटी, कागदाचे तुकडे, आणि मोजायला एक शिक्षक आणि दोन पालक, अर्ध्या तासात होतं. आणि निवड झाली की तिथंच नावं फळ्यावर लिहायला लावा, मोबाईलवर फोटो काढा, कारण इतिवृत्त नंतर लिहिलं जातं आणि मधल्या वेळात नावं बदलल्याचं मी ऐकून आहे.

निवडून आलात तर तुमच्या हातात काय येतं? बऱ्याच जणांना वाटतं नुसता चहा-बिस्किटाचा कार्यक्रम असतो. तसं नाही. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा करणं, आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते बघणं, ही तीन कामं कायद्यानं समितीला दिलीत. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला संयुक्त अनुदान, म्हणजे किरकोळ खर्चासाठी एकत्रित रक्कम येते, शंभरच्या वर अडीचशेपर्यंत पट असेल तर वर्षाला ५० हजार, त्याच्या वर हजारापर्यंत ७५ हजार, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. प्रत्यक्षात पैसे उशिरा येतात, कधी तुकड्यानं येतात, म्हणून "आले का, किती आले, कधी आले" हा प्रश्न दर सभेला विचारायचा. गणवेशाचंही तसंच. एका पोराच्या दोन जोडांना मिळून ६०० रुपये असतात. २०२४-२५ ला एक राज्य एक गणवेश म्हणून कापड आणि शिलाई वरूनच द्यायचा प्रयोग झाला, कित्येक शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं बसेनात, मग डिसेंबर २०२४ ला निर्णय बदलून ते काम परत समित्यांकडं आलं. म्हणजे आता कापड कुठलं, शिवणार कोण, हे तुमच्या सभेत ठरायला पाहिजे, एखाद्या दुकानदारानं नाही.

पोषण आहाराचं बघायचं तर पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असं प्रमाण आहे. आहार शाळेत शिजतो की बाहेरून शिजवून येतो ते तुमच्या शाळेवर, पण दोन्हीकडं चव बघायला पालक जाऊ शकतो. समितीतल्या आयांनी पाळी लावून घ्या, आणि सांगून जाऊ नका.

आणि शिक्षक. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असं दिलंय. तुमच्या शाळेत किती आहेत ते मोजा. पदं मंजूर होताना ३० सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेलीच पोरं मोजली जातात, म्हणजे एखाद्या पोराच्या आधारवर नाव चुकलं तर ते वर्गात बसलेलं असूनही पटात येत नाही. हे काम शिक्षक एकटे करत बसतात आणि अर्धं राहतं. समितीनं ऑगस्टमध्ये यादी घेऊन घरोघर फिरून आधार दुरुस्त करून घेतले तर एखादं पद वाचू शकतं. नव्या समितीनं पहिलं काम हेच धरावं असं मी सगळ्यांना सांगते.

पण या सगळ्याचं मूळ इतिवृत्ताच्या वहीत आहे, प्रोसिडिंग म्हणतो आपण. तुम्ही तोंडी काहीही बोला, वहीत आलं नाही तर ते झालंच नाही. एका शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नव्हती, मुली एकमेकींना दारात उभं करून जायच्या, सहावी-सातवीच्या मुली तर दिवसभर पाणीच प्यायच्या नाहीत. समितीत एक आई होती, दुसऱ्यांच्या घरी भांडी घासायची, तिनं पहिल्या सभेत सांगितलं, सगळे हो म्हणाले. दुसऱ्या सभेत तिनं विचारलं की मागच्या वेळी काय लिहिलं ते वाचा. लिहिलंच नव्हतं. मग ती म्हणाली आता माझ्यासमोर लिहा, तारीख घाला, आणि कुणी करायचं त्याचं नाव घाला. त्यानंतर दर सभेला तिचा एकच प्रश्न, मागचं वाचा. कडी बसली, मग नळ बसला, मग सॅनिटरी पॅड टाकायला झाकणाचा डबा आला. तिला लिहिता येत नव्हतं, पण वही तिच्या एवढी कुणी वापरली नाही. "मागचं इतिवृत्त वाचा" हे वाक्य तुम्ही सभेत सगळ्यात आधी बोला, दर वेळी.

शाळा विकास आराखडासुद्धा असाच. तीन वर्षांचा असतो, त्याचे वर्षावर्षाचे भाग असतात, आणि आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबर अखेरपर्यंत तयार पाहिजे. पुढच्या वर्षी पट किती होईल, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, संडास, आणि त्याला पैसे किती, हे त्यात येतं. बऱ्याच शाळांत मागच्या वर्षीचा कागद पुढं सरकवतात. तुमच्या वहीत गेटवर लिहून घेतलेल्या अडचणी आहेत ना, तोच तुमचा आराखडा आहे, फक्त त्याला रकमा घालायच्या. आणि शाळा पंचगंगेच्या पाण्याच्या पट्ट्यात येत असेल तर २०१९ आणि २०२१ आठवा, पुराच्या वेळी जनरल रजिस्टर म्हणजे पोरांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही आणि दाखल्यांची कागदपत्रं वरच्या मजल्यावर कोण नेणार, शाळा निवारा केंद्र झाली तर नंतर साफसफाई झाल्याशिवाय पोरं बसवायची नाहीत, हेही आराखड्यात लिहून ठेवा. महापुरानंतर किती पालक दाखल्यासाठी रडत आलेले मी बघितलेत.

मुलीबद्दलची तुमची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण माझ्या अनुभवात त्रास तेव्हा होतो जेव्हा आई एकटी भांडत असते आणि भांडण एखाद्या बाईंशी किंवा सरांशी वैयक्तिक होतं. सहा जणी मिळून बोलल्या की कुणा एकीच्या पोरीवर राग काढायची हिंमत होत नाही. म्हणून शिक्षकाचं नाव घेऊन भर सभेत तक्रार करू नका, आधी एकट्यात बोला, मग मुख्याध्यापकांकडं, मग सभा. शिक्षक चांगलं करतात तेही वहीत लिहा, अभिनंदनाचा ठराव करा, ते मनापासून करा. आणि तरीही मुलीला टोमणे, अपमान असं काही झालं तर कलम १७ मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, लेखी द्या. कलम ३२ खाली महापालिकेकडं लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तिथं समाधान नाही झालं तर राज्य बालहक्क आयोगाकडं अपील आहे. पोच घेतल्याशिवाय कुठलाही कागद देऊ नका.

आणि नाही निवडून आलात तर? पालक म्हणून तुमचा हक्क कुठं जात नाही. समितीच्या सभेचं इतिवृत्त लोकांना बघायला मिळालं पाहिजे असं नियमातच आहे, तुम्ही मुख्याध्यापकांकडं मागू शकता, नाही दिलं तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा. पोषण आहाराची चव बघायला जाऊ शकता. पालकसभेला येऊन विचारू शकता. आणि जी समिती आली तिच्यातल्या एखाद्या आईला धरा, नवीन असतात, बावरलेल्या असतात, त्यांना कुणी काही सांगत नाही, तिला तुमची ती अडचणींची वही द्या आणि पहिल्या सभेच्या आधी तिच्याबरोबर बसून त्यातले कुठले दोन मुद्दे मांडायचे ते ठरवा.